माणसे पारखणारा कारखानदार

कारखाना असो, कचेरी असो, दुकान असो की शाळा असो. चार माणसे एका कामासाठी एकत्र आली की त्यांच्यापुढे कोणीतरी एक उभा असावा लागतो. त्याला कोठे साहेब म्हणतात, कोठे मुकादम, तर कोठे हेडमास्तर. हुद्दा वरून मिळतो, पगारही वरून मिळतो. परंतु हाताखालच्या माणसांनी मनापासून आपल्या मागून चालावे ही गोष्ट मात्र हुकमाने साधत नाही. ती कशाने साधते, हा प्रश्न आपल्या ज्ञातीपुढे आज पूर्वीपेक्षा अधिक निकडीने उभा आहे. आपल्या वाडवडिलांपैकी बहुतेकांच्या वाट्याला दुसऱ्याच्या हाताखालची नोकरी आली. आज आपल्या कित्येक घरांतील मुलगे व मुली स्वतःच दहा-वीस माणसांच्या कामावर देखरेख करू लागल्या आहेत. आज्ञा पाळण्याची शिस्त आम्ही शिक्षकांनी त्यांना शिकविली. आज्ञा देण्याची शिस्त त्यांना कोणी शिकविली?

या विषयावर उपदेशपर वचने हवी तितकी सापडतात. परंतु कोऱ्या उपदेशापेक्षा एखाद्या खऱ्या माणसाचे चरित्र तपासून पाहणे आम्हांस अधिक उपयुक्त वाटते. म्हणून महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील एक ठळक उदाहरण, किर्लोस्करवाडीचे संस्थापक कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे, आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेची ओढ असल्यामुळे ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु दृष्टीत अंशतः रंगांधळेपणा असल्याचे आढळून आले आणि रंगकामाची वाट बंद झाली. निराश होऊन घरी न परतता त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला व त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची जागा मिळविली. तेथे पुढे बढतीचा प्रसंग आला, तेव्हा त्यांना डावलून ती जागा दुसऱ्यास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली व बेळगावची वाट धरली. तेथे त्यांचे बंधू रामुअण्णा यांच्यासह १८८८ पासून सायकलींचा व्यापार सुरू झालेला होताच. सायकल विकावयाची आणि घेणाऱ्याला ती चालवावयास शिकवावयाचीही, असा तो व्यवसाय होता.

या दोन घटनांकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. ज्याला एका उणिवेमुळे एका विद्येच्या दारातून परतावे लागले आणि अंगी पात्रता असूनही ज्याला दुसऱ्या दारात डावलले गेले, अशा माणसापुढे दोनच मार्ग असतात. आपल्या हाती अधिकार आला म्हणजे तोच न्याय तो इतरांना लावू शकतो. किंवा वरवरच्या उणिवेवरून माणूस टाकून द्यावयाचा नाही, असा निश्चय तो करू शकतो. लक्ष्मणरावांचा पुढील सारा व्यवहार दुसऱ्या मार्गाचा आहे. त्यांच्या नेतृत्वाचे मर्म आमच्या मते येथेच आहे.

सायकलींच्या दुकानातून ते शेतीच्या अवजारांकडे वळले. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र झाले. पुढे १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. लाकडी नांगराने जमीन वरवर उकरली जाते, तर लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलटी पालटतो, ही गोष्ट आज शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक आहे. त्या काळी मात्र लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा दृढ समज होता. परिणाम असा की, पहिला नांगर विकला जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तो माल घडविणाऱ्या कामगारांचा धीर त्या दोन वर्षांत कसा टिकला असेल? मालकाच्या तोंडाकडे पाहूनच तो टिकला असणार, असे आम्हांस वाटते. पुढाऱ्याच्या मनात शंका आली तर ती हाताखालच्या माणसांना त्याच्या आधी कळते. शाळेत हेडमास्तरांचे अवसान गळाले की ते मुलांच्या वर्गापर्यंत जाऊन पोहोचते, हा तर आमचा उभ्या आयुष्याचा अनुभव आहे.

नांगराचा जम बसू लागतो न लागतो तोच नवे संकट ओढवले. बेळगावात कारखाना ज्या जागेवर होता, ती जागा नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी हवी होती. ती खाली करणे भाग पडले. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. त्यांनी कुंडल रोड या रेल्वे स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले. जमीन म्हणजे काय, तर निवडुंगाचे रान आणि नागांची वस्ती! १९१० च्या मार्च महिन्यात त्या माळावर किर्लोस्करवाडीची मुहूर्तमेढ रोवली गेली. ज्यांच्या पाठीशी भांडवल नाही, पायाखाली धड जमीन नाही, अशा माणसाच्या भरवशावर कामगार आपली बायकामुले घेऊन त्या माळावर राहावयास आले, यापेक्षा त्याच्या पुढारपणाची निराळी पावती कोणती द्यावयाची?

आता त्या माळावर जमलेली माणसे कोण होती ते पाहू. वस्तीची आखणी व कारभार रामुअण्णांकडे होता. शंभुराव जांभेकर हे इंजिनियर, मुख्य फिटर आणि वेळप्रसंगी वस्तीचे वैद्यही! के. के. कुलकर्णी हे व्यवस्थापन पाहत व अडचणी निवारीत. मंगेशराव रेगे यांच्या हाती पत्रव्यवहार आणि हिशेब होते. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्धवट सोडलेली होती. परंतु कल्पक इंजिनियर म्हणून त्यांनी नाव मिळविले. या यादीत मोठमोठ्या पदव्यांची रांग दिसत नाही. दिसते ती प्रत्येकाच्या अंगचा गुण हेरून त्याला त्या कामावर बसविण्याची दृष्टी. शाळेने ज्याला नापसंत केले त्याला यंत्राने पसंत केले, आणि ते घडावे म्हणून यंत्रापाशी त्याला कोणीतरी उभे राहू दिले. आम्ही शिक्षकांनी हे वाक्य विशेष लक्षात ठेवावे.

वस्तीच्या रात्रीच्या पहाऱ्याची हकीकत तर याहून विलक्षण आहे. तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग हे दोघे दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेले होते. लक्ष्मणरावांनी त्यांनाच पहारेकरी नेमले. १८७१ साली इंग्रज सरकारने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा केला होता आणि तो रद्द व्हावयास १९५२ साल उजाडावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे या नेमणुकीचे धाडस कळून येईल. ज्या समाजाने त्यांना दाराबाहेर ठेवले, त्यातील एका गृहस्थाने आपल्या दाराच्या किल्ल्या त्यांच्या हाती दिल्या. ते दोघे वाडीचे विश्वासू राखणदार ठरले. वाडीत अस्पृश्यतेला थारा द्यावयाचा नाही, असाही लक्ष्मणरावांचा दंडक होता.

हे केवळ भाबडे औदार्य होते असे कोणी समजू नये. विश्वास टाकणे आणि डोळे मिटून घेणे यांत महदंतर आहे. लक्ष्मणरावांनी त्या दोघांना दया म्हणून धान्य दिले नाही. काम दिले, आणि कामही असे की ज्यात कसूर झाली तर ती तत्काळ उघडकीस यावी. माणसावर जबाबदारी टाकली, तिची मर्यादा आखून दिली आणि मग पाठीशी उभे राहिले, म्हणजे माणूस आपल्या पूर्वीच्या उंचीपेक्षा उंच होतो. उलट, प्रत्येक कागद आपल्या सहीवाचून हलू नये अशी व्यवस्था करणारा अधिकारी स्वतः दमतो आणि हाताखालच्यांना अधू करून ठेवतो. असे अधिकारी रजेवर गेले की काम अडते. आणि काम अडल्याचा त्यांना मनातून आनंद होतो. हा आनंद पुढारीपणाचा शत्रू होय.

येथे एक शंका चाणाक्ष वाचक घेतील. लक्ष्मणरावांनी बंधूंना, पुढे पुत्रांना व पुतण्यांनाही उद्योगात घेतले, मग आपल्या माणसांना जवळ करण्यात वावगे काय? शंका योग्य आहे. त्यांनी आप्तांना वर्ज्य मानले नाही, हे खरे. परंतु ते आप्तांपाशी थांबले नाहीत, आणि आप्तालाही त्याच्या गुणाप्रमाणेच काम मिळाले. घराण्यातील शंकरराव किर्लोस्कर यांचा ओढा कलेकडे व लेखनाकडे होता. त्यांच्या हातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघाले, आणि त्यातूनच पुढे मराठी वाचकांच्या पिढ्या घडविणारी ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही मासिके उभी राहिली. त्यांना जन्मभर लेथपाशीच उभे केले असते, तर कारखान्याला एक सामान्य कारागीर मिळाला असता आणि महाराष्ट्र एका थोर संपादकास मुकला असता.

आपल्या मंडळाच्या सभांतून एक तक्रार वारंवार ऐकू येते. ‘अमका आपल्या ज्ञातीचा असून एवढ्या मोठ्या हुद्द्यावर गेला, पण आपल्या मुलांना चिकटवीत नाही.’ तक्रार करणाऱ्यांच्या घरातील चिंता आम्ही जाणतो; शिकून घरी बसलेल्या मुलाकडे पाहून आईबापांचा जीव कसा तुटतो हे आम्हांस परके नाही. तरीही स्पष्टच लिहावयाचे तर, अशा अधिकाऱ्याला आपण जे मागतो ते त्याचे पुढारीपण काढून घेणारे आहे. ज्या दिवशी त्याच्या हाताखालची माणसे म्हणू लागतील की येथे काम पाहत नाहीत, आडनाव पाहतात, त्या दिवशी त्याचा हुद्दा राहील, पण त्याचा शब्द राहणार नाही. आणि त्याने चिकटविलेल्या आपल्या मुलालाही ती माणसे कधी आपला सहकारी मानणार नाहीत. मंडळाने मुलांना शिक्षणासाठी साह्य करावे, वसतिगृह चालवावे, जागा कोठे रिकाम्या आहेत ते कळवावे. एवढे अवश्य करावे. ओळखीने दार ठोठावता येते. आतली जागा मात्र कामानेच मिळावी.

इतिहास लिहिताना एकच बाजू रंगविणे बरे नव्हे. किर्लोस्करवाडीचे नेतृत्व वडीलकीचे होते. १९१० साली कामगारांच्या संघटनेला मान्यता देणारा कायदा आपल्या देशात नव्हता. तो १९२६ साली झाला. म्हणजे मालक भला असला तर कामगाराचे भले, अशी ती परिस्थिती होती. लक्ष्मणराव भले होते. सर्वच मालक तसे नव्हते. म्हणून चांगल्या पुढाऱ्याचे गुण गाताना, कामगाराचा हक्क हा पुढाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून राहता कामा नये, हेही आमच्या तरुण वाचकांनी विसरू नये. हक्क कायद्याने मिळावेत. परंतु माणसाची पारख, धीर आणि विश्वास ह्या गोष्टी कोणताही कायदा देऊ शकत नाही. त्या पुढाऱ्यानेच आणाव्या लागतात.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुणे येथे निवर्तले. तोवर लोखंडी नांगराच्या त्या धंद्यातून हरिहर येथे यंत्रे, पुण्यास तेलाची इंजिने व बंगळूर येथे विजेची यंत्रे बनविणारे कारखाने उभे राहिले होते. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. आज रेल्वेने सांगली जिल्ह्यातून जाणाऱ्या प्रवाशाला किर्लोस्करवाडी याच नावाचे स्टेशन लागते. जुन्या कुंडल रोडचे नाव मागे पडले आहे.

आमच्या ज्ञातिबांधवांच्या व भगिनींच्या घरात जे कोणी या वर्षी नव्याने अधिकाराच्या खुर्चीवर बसले असतील, त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, पहिल्या आठवड्यात त्यांनी आपल्या हाताखालच्या प्रत्येक माणसाचे नाव, त्याचे काम आणि त्याला येत असूनही आजवर कोणी न विचारलेले एखादे काम, ही तीन गोष्टींची यादी स्वतःच्या हाताने लिहावी. यादीतील तिसरा रकाना भरणे कठीण जाईल. तो भरेपर्यंत त्यांनी कोणालाही निरुपयोगी ठरवू नये.