चोवीस पदरांचा दोर

मोठ्या माशाला दोर जाड हवा, हे कोकणातल्या पोराला शिकवावे लागत नाही. चालत्या होडीमागे गळ ओढत नेऊन सुरमई धरणारा आमच्याकडचा माणूस दोर निवडतो तो एकाच हिशेबाने : मासा घरी आला पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरच्या सांता कॅटालिना बेटावर मात्र काही शौकीन मंडळींनी मुद्दाम बारीक दोर पसंत केला आणि त्याहून जाड दोर वापरणाऱ्याचा मासा मोजायचा नाही असे ठरवले. हे प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले. पोट भरलेल्यांचे चोचले, दुसरे काय ! पण त्या दोराची हकीकत शोधत गेलो तसतसे हसू ओसरले.

बेटावरचे गाव अ‍ॅव्हलॉन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे मासे अमाप होते आणि माणसे जाड हातदोर टाकून ते नुसते खेचून काढीत. खाण्याची गरज नसे, विकण्याची घाई नसे; ढिगांनी मासे वाया जात. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या निसर्ग-अभ्यासकाला हे बघवेना. १ जून १८९८ रोजी त्याने काठी आणि चक्री वापरून १८३ पौंडांचा कुपा पकडला. झुंज पावणेचार तास चालली आणि माशाने होडी कित्येक मैल फरफटत नेली. त्याच महिन्यात होल्डरने ट्यूना क्लब काढला. नियम थोडे पण कडक : दोर चोवीस पदरांहून जाड नको, आणि मासा होडीपाशी आणीपर्यंत दुसऱ्या कोणाचा हात काठीला लागता कामा नये.

हे पदर म्हणजे काय ते सांगायला हवे. दोर असे तो लिननचा, म्हणजे जवसाच्या खोडापासून निघणाऱ्या वाखाचा. त्याला कटीहंक म्हणत; मॅसॅच्युसेट्सजवळच्या एका बेटाचे ते नाव. एका पदराची ताकद ओल्या स्थितीत सुमारे तीन पौंड धरीत. लिननचा गुण असा की भिजले म्हणजे ते अधिक मजबूत होते. तेव्हा चोवीस पदर म्हणजे बहात्तर पौंड. मासा मात्र १८३ पौंडांचा, आणि तोही जिवंत, जिवाच्या आकांताने पळणारा ! मधली तूट भरून काढायची ती काठीच्या लवचिकपणाने आणि माणसाच्या अंगठ्याने. त्या काळच्या चक्रीला आतून ब्रेक नव्हता. चामड्याचा तुकडा अंगठ्याने दोरावर दाबून धरावा लागे. मासा पळाला की चक्रीची मूठ उलटी गरगर फिरे आणि बोटे सोलून काढी. शिवाय वाखाचा दोर कुजतो. रोज संध्याकाळी तो सगळा उलगडायचा, गोड्या पाण्यात धुवायचा, वाळवायचा. आमच्या कोळीवाड्यांत ताग-सुताची जाळी सालीच्या काढ्यात बुडवून वाळत घालीत, त्यातलाच हा प्रकार. समुद्र श्रीमंतालाही हे काम चुकवू देत नसे.

काठ्या हिकरी, ग्रीनहार्ट अशा लाकडांच्या, किंवा बांबूच्या. बांबूच्या चिरफळ्या तासून, एकमेकींना चिकटवून काठी करण्याची कला अमेरिकेत १८४० च्या पुढेमागे रुजली, आणि प्रारंभी त्यासाठी लागणारा बांबू ‘कलकत्ता केन’ या नावाने आपल्या देशातून जाई. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला बहुधा मानवेल समजतात. म्हणजे ज्याची आपण लाठी करतो तोच भरीव बांबू. पुढे चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याला मागे टाकले.

एकदा बंधन मान्य केले की माणसाची अक्कल चालू लागते, याचे नमुने या बेटावर पुष्कळ. कुपे होडीला बुजू लागले, तेव्हा १९०९ च्या सुमारास जॉर्ज फार्न्सवर्थ या नावाड्याने पतंग उडवला. दोर पतंगाला अडकवून आमिषाचा उडता मासा होडीपासून दूर, लाटांवर टुणटुण उड्या मारत नेला. (सॉलोमन बेटांवरचे लोक पानांचे पतंग करून असे मासे धरीतच होते; पण अ‍ॅव्हलॉनला ते कोण सांगणार ?) विल्यम बोशन याने आतून ब्रेक असलेल्या चक्रीची कल्पना काढली आणि ब्रुकलिनच्या ज्युलियस फॉम होफने ती घडवली. मूठ उलटी फिरणे थांबले. १९१३ साली बोशनने ३५५ पौंडांचा तलवार मासा काठीने पकडला. असा तो पहिलाच.

दुसरीकडे दोर आणखी बारीक करण्याची चढाओढ लागली. नऊ पदरांचा वर्ग निघाला, म्हणजे सत्तावीस पौंड. मग टी. मॅक्डी. पॉटरचा ‘थ्री-सिक्स’ आला : दोर सहा पदरी, काठी सहा फूट, वजन सहा औंस. इथे मात्र माझे मन त्यांच्याशी जुळत नाही. दोर इतका बारीक केला की तो तुटायचाच, आणि तुटला म्हणजे मासा तोंडात गळ व मागे वारभर दोर घेऊन जातो. चोवीस पदरांत माशाची कदर होती. सहा पदरांत आपल्याच कौशल्याचे कौतुक अधिक. ते कौतुक कुठवर जाते पाहा. कादंबरीकार झेन ग्रे याने ४१८ पौंडांचा तलवार मासा पकडला, आणि १९२१ साली श्रीमती कीथ स्पॉल्डिंग या बाईंनी ४२६ पौंडांचा. ग्रेला ते सोसेना. भांडण होऊन अखेर तो क्लबबाहेर पडला. आठ पौंडांसाठी !

हा पदरांचा हिशेब मोडला तो कारखान्याने. कॅरोदर्सने १९३५ साली नायलॉन शोधला. हा धागा कुजत नाही, वाळवावा लागत नाही. आपल्याकडे १९५० नंतरच्या काळात त्याने ताग-सुताच्या जाळ्यांना हटवले, तसेच तिकडे लिननला. बांबूचेही तेच झाले. चीनशी व्यापार १९५० साली अमेरिकेने बंद केला, टोंकिन येईनासा झाला, आणि तोवर काचतंतूच्या काठ्या तयार होत्याच. १९७३ पासून कार्बनतंतूच्याही आल्या.

आता एकाच जाडीचे दोन दोर सारखे ताकदवान असतील असे राहिले नाही. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनने म्हणून पदर मोजणे सोडले आणि दोर किती पौंडांना तुटतो ते धरले. वर्ग ठरले ते २०, ३०, ५०, ८०, १३० पौंडांचे. हे आकडे तीनाच्या पाढ्याशेजारी ठेवून पाहावेत. सहा पदर म्हणजे अठरा, नऊ म्हणजे सत्तावीस, पंधरा म्हणजे पंचेचाळीस, चोवीस म्हणजे बहात्तर, एकोणचाळीस म्हणजे एकशे सतरा. जवसाचा दोर गेला, त्याचा पाढा जरासा वर सरकून राहिला.

आज समुद्रात गळ ओढणारे पॉलिथिलीनचा विणलेला दोर घेतात. तो अतिशय बारीक, म्हणून चक्रीवर पुष्कळ मावतो; पण मुळीच ताणत नाही. वेगात चाललेल्या होडीमागे मोठ्या माशाने झडप घातली की तो हिसका गळ तरी उपटतो, नाहीतर गाठ तरी तोडतो. म्हणून त्याच्या पुढच्या टोकाला जुना, ताणणारा नायलॉन शंभरेक वार जोडतात.