पाचवीचा कोरा कागद

आजचा भाग थोडा घरचा आहे. ताई बाळंतपणाला पोलादपूरला माहेरी आली आणि आमच्याकडे मुलगी झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पहिली बेटी, धनाची पेटी." पण सूर समजूत घातल्यासारखाच होता.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आजीने सटवाई पुजली. दिवा लावला, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं. रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, असं म्हणतात. आपण 'पाचवीला पुजलेलं' म्हणतो ना, ते हेच.

मी सहज विचारलं, "आजी, तुझा वाढदिवस कधी गं?"

"एक जून," म्हणाली आणि हसली. "शाळेत गुरुजींनी लिहिला तो. भातलावणी चालू होती, एवढंच आई सांगायची."

म्हणजे जूनची एक तारीख नक्कीच नाही! मग वाटलं, जन्म नेमका कोणाचा लिहून ठेवतात?

आमच्या पोलादपुरातच कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांनी 'शिवभारत' हे संस्कृत काव्य लिहिलं, शिवाजी महाराजांच्या हयातीतच. त्यात महाराजांच्या जन्माचं वर्ष शब्दांत दिलंय. पृथ्वी म्हणजे एक, मदनाचे बाण पाच, प्राण पाच, चंद्र एक. असे अंक उलटे वाचायची पद्धत असते, पण इथे कुठूनही वाचा, शके १५५१ च येतं! तिथी फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आधी बरेच जण १६२७ साल धरायचे. जेधे शकावली आणि शिवभारत यांच्या आधारामुळे १६३० चं पारडं जड झालं. विचार करा, एवढ्या मोठ्या राजाचा जन्मदिवससुद्धा कोणीतरी लिहून ठेवला म्हणून हाती लागला.

स. म. दिवेकरांनी संपादित केलेलं शिवभारत छापून आलं १९२७ साली. आणि त्याच वर्षी, पोलादपूरहून एसटीने अर्ध्या-पाऊण तासावर असलेल्या महाडमध्ये, जन्माबद्दलच दुसरं काहीतरी लिहिलं जात होतं.

२० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. तळं सार्वजनिक होतं, पण अमुक जातीत जन्मलात म्हणून पाण्याला हात लावायचा नाही, असा रिवाज होता. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली. २५ तारखेला मनुस्मृतीचं दहन झालं. तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. १७८९ च्या फ्रान्समधल्या सभेचा दाखला बाबासाहेबांनी त्या परिषदेत दिला होता. तिथल्या जाहीरनाम्याचा गाभा असा: माणसं जन्मतः समान दर्जाची आहेत आणि मरेपर्यंत तशीच राहतील.

मला वाटतं, त्या दिवशी महाडने सटवाईच्या हातातलं पेनच काढून घेतलं. जन्म पवित्र आहे, हे सगळेच म्हणतात. बारशाला घुगऱ्या वाटतात, पाळणा म्हणतात. पण बाळाकडे बघून आपण त्याचं पुढचं सगळं आधीच ठरवून टाकत असू, तर कसलं पावित्र्य? ही मुलगी, हा अमक्या घरचा, याच्या तर पाचवीलाच दारिद्र्य पुजलेलं. जन्म पवित्र असतो तो कागद कोरा असतो म्हणून, असं मला आता वाटतं.

सकाळी मी कागद उचलला. कोराच होता. आजी म्हणाली, "सटवाईचं अक्षर आपल्याला दिसत नाही."

मग त्यावर मी फक्त तारीख, वेळ आणि वजन लिहिलं. खाली आजीचं नाव लिहिलं आणि पुढे 'भातलावणीचे दिवस'. तिने तो कागद दोनदा वाचायला लावला, घडी घालून स्वतःच्या ट्रंकेत ठेवला.

तुमच्या घरी एक जूनवाली आजी असेल, तर आज तिला विचारा, तुझा जन्म झाला तेव्हा काय चालू होतं? आणि सांगेल ते लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात!