आईची हिशेबाची वही : भिलाई, १९७४

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा मंडळाचा आग्रह दरवर्षी असतो आणि दरवर्षी मी टाळतो. यंदा मात्र विषय आपणहून हाती आला. आई गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक उघडली, तिच्यात हिशेबाच्या सात वह्या निघाल्या. त्यांतली १९७४ ची वही मी पुन्हा पुन्हा वाचली. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, असे आपण शाळेत शिकलो. एका मराठी घराने महागाईशी दिलेली लढाई या वहीत पैशापैशाने लिहिलेली आहे.

आजच्या तरुण सभासदांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९७२ च्या दुष्काळाने धान्य महागले. एप्रिल १९७३ मध्ये सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार हाती घेतला आणि वर्षभरात तो सोडूनही दिला. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेले खनिज तेल जानेवारीपर्यंत बारा डॉलरच्या घरात गेले. मे १९७४ मध्ये रेल्वेचा देशव्यापी संप झाला. १९७४-७५ मध्ये घाऊक किमती आदल्या वर्षापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका १९७२ पासूनच लाटणी घेऊन रस्त्यावर उतरत होत्या. आमची गिरगावची मावशी त्यांत होती आणि पत्रातून मोठ्या फुशारकीने तसे कळवायची. आईचे लाटणे घरातच राहिले!

त्यातच जुलै १९७४ मध्ये सरकारने वटहुकूम काढला. वाढीव महागाई भत्त्यातला अर्धा भाग आणि पगारवाढीची सगळी रक्कम सक्तीने ठेव म्हणून जमा होऊ लागली. बाजारातला पैसा कमी झाला की भाव उतरतील, हा त्यामागचा विचार. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो बरोबरही असेल. पण भत्ता वाढल्याचे बाबा सांगायचे आणि घरी पैसे मात्र अर्धेच यायचे. उरलेल्या अर्ध्याची तोंडमिळवणी कशी झाली, ते या वहीत आहे.

पहिली कात्री लागली ती तेलाला. शेंगदाणा तेलाचा खर्च जूनपासून निम्म्यावर आलेला दिसतो. आम्ही विदर्भातले, रात्रीचा भात उरला की सकाळी फोडणीचा भात ठरलेला. शेजारच्या छत्तीसगढी काकींनी आईला ‘बासी’ शिकवली. रात्रीचा भात पाण्यात भिजत घालायचा आणि सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची लावून खायचा. तेलाचा थेंब नको, शेगडी पेटवायला नको. पहिल्या दिवशी आम्हा भावंडांनी तोंडे वाकडी केली, मे महिन्याच्या उन्हात मात्र मागून खाऊ लागलो. अख्ख्या तांदळाऐवजी कणी येऊ लागली. इथे तिला कनकी म्हणतात. तिचा उपमा, तिच्याच पिठाचे चिला आणि फरा. चिला म्हणजे आपल्या घावनाचा सख्खा भाऊ. पंधरा वर्षे इथे राहून जे पदार्थ आमच्या स्वयंपाकघरात आले नव्हते, ते महागाईने आणले.

रॉकेल मिळायचे नाही, मिळाले तर रांगेत. मग कोळशाच्या चुरीत माती आणि शेण कालवून गोळे करायचे आणि अंगणात वाळवायचे. हे काम आम्हा मुलांचे. हात आठवडाभर काळे राहायचे. जुने स्वेटर उसवून लोकर धुवायची आणि नवे विणायचे, भाताची पेज साड्यांच्या खळीला वापरायची, हे तर घरोघरी होते. त्या टंचाईतही आईने एक मोठा खर्च केला. सेक्टरमधल्या बारा बायकांची भिशी होती, तिचा नंबर लागताच तिने प्रेशर कुकर घेतला. बाबा म्हणाले, “हे काय काटकसरीचे दिवस आणि तुम्ही कुकर घेता?” आईने तीन महिन्यांचा कोळशाचा खर्च त्यांच्यापुढे मांडला. बाबा गप्प बसले.

दोन नोंदींना मात्र कात्री लागलेली दिसत नाही. एक म्हणजे गणपतीची वर्गणी, रुपये पाच. दुसरी बाबांची सिगारेट. पहिलीचे कौतुक वाटले. दुसरीपाशी मात्र मी बराच वेळ थांबलो. बाबांवर राग नाही. त्या काळी घरोघरी तसेच होते. पण काटकसर कुणाच्या वाट्याची, हे वही वाचताना कळत जाते. ऑगस्टपासून दूध एक लिटरऐवजी अर्धा लिटर झाले. तरी आम्हा मुलांचे पेले भरलेले असायचे, बाबांचा चहा पूर्वीइतकाच दाट असायचा. मग अर्धा लिटर कमी झाले कुठून? विरजण बंद झाले, म्हणजे ताक गेले, घरचे तूप गेले. आणि आईचा चहा काळा झाला.

तेव्हा बारा वर्षांचा होतो मी. मला हे दिसले नाही. आईला काळा चहा आवडतो, असेच आम्ही सगळे समजत होतो. पुढे माझे लग्न झाल्यावर सुनेलाही मीच तसे सांगितले.

अडकलेली ठेव नंतर व्याजासह हप्त्याहप्त्याने परत मिळाली. तिचा पहिला हप्ता आईने जमेच्या बाजूला लाल शाईने लिहिला आहे. त्याच पानावर दूध पुन्हा एक लिटर झालेले दिसते. आईचा चहा मात्र शेवटपर्यंत काळाच होता.