हाडाची वीण

१८३८ साली लंडनच्या फ्रेडरिक वॉर्डने खुब्याच्या हाडाच्या आतल्या जाळीचं वर्णन आपल्या पुस्तकात केलं. हाडाच्या मानेत त्याला एक विरळ त्रिकोणी जागा दिसली. तिला आजही वॉर्डचंच नाव आहे, आणि म्हातारपणी हाड तिथे लवकर विरळ होतं. पुढे १८६६च्या सुमारास झुरिकमध्ये हेर्मान फॉन मायर यांनी चिरलेली हाडं दाखवली, तेव्हा अभियंते कार्ल कुलमान चकित झाले. क्रेनवर भार कुठून कसा वाहतो हे दाखवणाऱ्या त्यांच्या रेषा आणि हाडातली जाळी यांत कमालीचं साम्य होतं. हाडाची ताकद नुसत्या वजनात नसते, विणीतही असते, हे तेव्हाच उमगलं होतं.

विसाव्या शतकाने मात्र वजनच मोजलं. १९६३ मध्ये विस्कॉन्सिनच्या कॅमेरॉन आणि सोरेन्सन यांनी हाडातून किरण आरपार सोडून खनिज मोजण्याची पद्धत दिली. ऐंशीच्या दशकात हाडाची घनता मोजणारी डेक्सा यंत्रं आली. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ठिसूळ हाडांसाठी घनतेच्या टी-स्कोअरवर उणे २.५ची रेषा आखली. डॉक्टरांना सोपं, रुग्णालाही सोपं. पण घनता रेषेच्या आत असूनही किरकोळ पडण्याने हाड मोडणारे थोडे नव्हते. विणीकडे पाहिलं होतं ते त्याआधीच, १९७० मध्ये सिंग, नागरथ आणि मैनी यांनी. साध्या एक्स-रेवर जाळीच्या किती रेषा पुसल्या, यावरून त्यांनी सहा पायऱ्या ठरवल्या.

एमआरआय या कामाला येईल असं वाटण्याजोगं काही नव्हतं. घट्ट हाडाचा संकेत इतक्या लवकर विझतो की चित्रात ते काळंच उमटतं. नव्वदच्या दशकात पेनसिल्वेनियात फेलिक्स वेर्ली आणि सॅन फ्रान्सिस्कोत शर्मिला मजुमदार यांनी नेमकी हीच उणीव वापरली: मज्जेतली चरबी उजळ, तिच्यातल्या काळ्या रेघा म्हणजे हाड. अडचण एवढीच की एक रेघ जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड. म्हणून मनगट, टाच, घोटा यांवरच भर. हात जखडून कित्येक मिनिटं पडून राहायचं. जरा हलला की जाळी पुसट. तरी कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तपासण्यापेक्षा हे बरंच बरं, कारण काढलेला तुकडा परत तिथे तपासता येत नाही.

वय वाढतं तशा जाळीतल्या पट्ट्यांना भोकं पडून काड्या होतात, मग काड्याही तुटतात. मज्जेत पिवळी चरबी वाढते. २००० नंतरच्या झटपट संकेत टिपणाऱ्या एमआरआय पद्धतींनी बाहेरच्या कवचातल्या छिद्रांमधलं पाणीही टिपलं.

रोजच्या तपासणीत अजून डेक्साच चालतं: स्वस्त, काही मिनिटांत होणारं. एमआरआयची जाळी बहुतेक करून संशोधकांच्याच पडद्यावर दिसते.