साडेतेरा तास

१२ नोव्हेंबर १९५६, रात्री १०, पुणे. लक्ष्मीबाई कर्वे मुंबईच्या पॅसेंजरमध्ये बसल्या. विधवा, पैसेवाल्या, तब्येतीने कुरकुरत्या. मुंबईत मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं होतं. सोबतीला विश्वासातला माणूस, डॉ. अनंत चिंतामण लागू. मृत्यूला साडेतेरा तास.

१३ नोव्हेंबर, पहाटे ५.१०. गाडी व्हीटीला लागली तेव्हा बाई बेशुद्ध.

५.४५, जीटी रुग्णालय. पावणेसहा तास उरले. केसपेपरवर नाव लागलं ते 'इंदुमती'. गाडीत अचानक शुद्ध हरपली, असं लागूंनी सांगितलं. डॉक्टरच पेशंट घेऊन आला, तर त्याच्या शब्दावर कॅज्युअल्टीत शंका कोण घेणार? मला या प्रकरणातली हीच घडी सगळ्यात अवघड वाटते. जीव आधी, कायद्याचे सोपस्कार मागाहून, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली बजावलं. इथे ते आधीच पाळलं गेलं होतं. पण उपचारांबरोबर संशयही जागा ठेवावा लागतो. आज फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयात फवारणीचं औषध पोटात गेलेला पेशंट आला, तर अॅट्रोपिनसोबतच एमएलसीची (मेडिको-लीगल केसची) नोंद हवी, पोलिसांना वर्दी हवी, पोट धुतलेलं पाणी सीलबंद हवं. नातेवाईक हात जोडतात, "डॉक्टर, चुकून प्यायलंय, केस नका करू." आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षेची भीती २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बरीच कमी केली, तरी गावात पोलीस म्हटलं की धसका बसतोच. चुकून घेतलं, जाणूनबुजून, की कोणी पाजलं, हे ठरवणं डॉक्टरचं काम नाही. ते पाणी मोरीत गेलं, तर पुढे कोणालाच ठरवता येत नाही.

११.००. अर्धा तास. लघवीत साखर निघाली म्हणून इन्सुलिन दिलेलं. राउंडला आलेल्या वरिष्ठांना मधुमेहाचं निदान काही पटेना.

११.३०. मृत्यू. वरिष्ठांनी शवविच्छेदन सुचवलं, झालं नाही. कागदावर उरलं 'डायबेटिक कोमा'.

२३ नोव्हेंबर. ताबा घ्यायला कोणी न आल्याने प्रेत वैद्यकीय महाविद्यालयात गेलेलं. मानेवर व्रण दिसला, म्हणून दहा दिवसांनी शवविच्छेदन. व्हिसेरात विष नाही. पुण्यात मात्र लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रं येत राहिली: लग्न केलंय, दूर राजस्थानात सुखात आहे. मागे त्यांची मालमत्ता लागूंच्या घशात जात होती.

१४ डिसेंबर १९५९. विष सापडलं नाही तरी परिस्थितीजन्य पुराव्यावर विषप्रयोग सिद्ध होऊ शकतो, असं सांगत सर्वोच्च न्यायालयाने लागूंची फाशी कायम केली. विष कोणतं, ते निकालातही नाही.