योग शंबूकाचाही, सुनीताचाही!

दरवर्षी 21 जून आला की योग ही केवळ वेदांची देणगी असल्याचे ढोल वाजू लागतात. संयुक्त राष्ट्रांनी 2014 मध्ये हा दिवस जाहीर केला, 2015 पासून तो साजरा होतो. हे ढोल ऐकून आपले काही तरुण म्हणतात, "योग म्हणजे ब्राह्मणी थोतांड, आपल्याला नको." आम्हाला ही दोन्ही मते मान्य नाहीत.

इतिहास काय सांगतो? सिद्धार्थ गौतमाने आलार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे ध्यानाचे शिक्षण घेतले. देहदंडाचे तपही करून पाहिले आणि व्यर्थ ठरल्यावर सोडून दिले. पुढे तथागतांनी आनापानसती शिकवली. येणारा-जाणारा श्वास सजगपणे पाहायचा, बस्स! ना मंत्र, ना पुरोहित. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे बौद्धांचे चार ब्रह्मविहार पतंजलीच्या योगसूत्रातही आहेत. आज घरोघरी घातले जाणारे सूर्यनमस्कार व्यायाम म्हणून लोकप्रिय केले ते विसाव्या शतकात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी. मग योगावर एकट्या वैदिकांची मालकी कशी?

खरा प्रश्न अधिकाराचा आहे. रामायणाच्या उत्तरकांडात शंबूक तप करतो म्हणून त्याचा शिरच्छेद होतो. गुन्हा एकच, जन्माने शूद्र! बुद्धाच्या संघात मात्र उपाली न्हावी विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला आणि झाडलोट करणारा सुनीत अर्हतपदाला पोहोचला. ज्यांनी तपाचा अधिकार नाकारला, त्यांचेच वारस आज आपल्याला योग शिकवायला निघाले आहेत.

म्हणून मित्रांनो, जे आपले आहे ते सोडू नका. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, मोर्चे, रात्रीच्या बैठका यांत शरीर झिजते, डोके तापते. रोज थोडा वेळ आसने केली की पाठ, सांधे मोकळे होतात. संथ श्वासाने धडधड कमी होते, राग ओळखता येतो. मात्र योग औषधाची जागा घेत नाही आणि न्यायाचीही नाही. हाताने मैला साफ करायला लावणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी आपली माणसे गटारात गुदमरून मरतात. त्यांना प्राणायाम नको, गटारात उतरवणाऱ्याला शिक्षा हवी.

श्वास पाहायला शिकू या आणि ज्यांचा श्वास कोंडला जातो त्यांच्यासाठी लढू या.

जय भीम! नमो बुद्धाय!