लिनक्समधील वैकल्पिक वीजपुरवठा : एका संज्ञेचा इतिहास

एखाद्या चिपला वीज पुरविणारी वाहिनी बोर्डावर मुळातच नसणे, ती असूनही तिची नोंद कोठे नसणे, आणि नोंद असूनही ती अद्याप सिद्ध झालेली नसणे, या तीन अवस्था वस्तुतः भिन्न होत. ड्रायव्हरला मात्र तिन्ही प्रसंगी एकच अनुभव येतो : त्याने पुरवठा मागितला आणि तो मिळाला नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये या अवस्था एकमेकींपासून वेगळ्या करण्याचे मुख्य कार्य २००८ ते २०१३ या कालखंडात झाले.

बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांत वीज वाचविण्यासाठी प्रत्येक चिपचा पुरवठा स्वतंत्रपणे चालू वा बंद करावा लागतो, प्रसंगी त्याचा दाबही बदलावा लागतो. ऑक्टोबर २००८ मधील २.६.२७ या आवृत्तीत लियम गर्डवुड व मार्क ब्राउन यांनी रचलेली ‘रेग्युलेटर’ व्यवस्था याच गरजेपोटी दाखल झाली. तिचे तत्त्व साधे होते. ड्रायव्हरने पुरवठा मागावा तो चिपवरील पिनच्या नावाने. ती पिन कोणत्या रेग्युलेटरला जोडली आहे, हे बोर्डाच्या वर्णनाने सांगावे. त्यामुळे एकच ड्रायव्हर अनेक बोर्डांवर चालू शकतो.

परंतु बोर्डाचे वर्णन पुष्कळदा अपुरे असे. जी वाहिनी सदैव चालूच असते तिची नोंद करण्याचे प्रयोजन बोर्डकर्त्याला वाटत नसे. पुढे कोणी ड्रायव्हरमध्ये पुरवठा मागण्याची सोय केली, की कालपर्यंत चालणारा बोर्ड नोंदीअभावी अडून बसण्याची भीती असे. यावर एक सोपा मार्ग दिसे : पुरवठा न मिळाल्यास त्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाणे. या मार्गात खरा बिघाडही नजरेआड होई. २०१० मध्ये आलेला ‘डमी’ रेग्युलेटर हा या अडचणीवरील पहिला उपाय होय. तो काहीच करीत नाही. केवळ ‘चालू हो’ या आज्ञेला होकार देतो.

तिसऱ्या अवस्थेची सोय २०१२ मध्ये, ३.४ या आवृत्तीत झाली. ज्या ड्रायव्हरला लागणारे साधन अद्याप सिद्ध नाही, त्याला ‘नंतर पुन्हा प्रयत्न करा’ असे सांगणारा ‘ईप्रोब-डेफर’ हा स्वतंत्र संकेत निर्माण झाला. ‘नाही’ आणि ‘अजून नाही’ यांतील भेद त्यामुळे व्यक्त करता येऊ लागला.

निर्णायक पाऊल २०१३ मध्ये पडले. बोर्डाचे वर्णन पूर्ण असल्याचे घोषित असूनही एखाद्या पुरवठ्याची नोंद सापडली नाही, तर साध्या मागणीला डमी रेग्युलेटर मिळावा, असे ठरले. चिपला वीज लागतेच, आणि वाहिनी नोंदलेली नसली तरी ती असलीच पाहिजे, हे त्यामागील अनुमान. ‘रेग्युलेटर-गेट-ऑप्शनल’ ही निराळी मागणी मात्र अशा प्रसंगी ‘ईनोडेव्ह’, म्हणजे ‘असे साधन नाही’, हा संकेत स्पष्टपणे परत करते. येथे ‘वैकल्पिक’ म्हणजे ज्याची नोंद ऐच्छिक आहे तो पुरवठा नव्हे. ज्याच्या अभावीही चिप योग्य रीतीने काम करू शकते तो पुरवठा.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. ज्या अॅनालॉग-डिजिटल परिवर्तकात २.५ व्होल्टचा अंतर्गत प्रमाणदाब आहे आणि बाहेरचा प्रमाणदाब जोडताच तो मागे पडतो, असा परिवर्तक घ्यावा. ड्रायव्हरने साधी मागणी केली, तर बाहेरचा पुरवठा नसताना त्याला डमी मिळेल, आणि डमीला दाब विचारला तर उत्तर येणार नाही. म्हणून येथे वैकल्पिक मागणीच योग्य. पण त्या मागणीला आलेला प्रत्येक नकार ‘पुरवठा नाही’ असा वाचला, तर अधिक गंभीर अनर्थ ओढवतो. बाहेर ४.०९६ व्होल्टचा पुरवठा जोडलेला आहे, केवळ त्याचा रेग्युलेटर सिद्ध व्हायचा आहे, अशा वेळी ड्रायव्हर २.५ व्होल्ट गृहीत धरील; आणि पुढे प्रत्यक्ष २ व्होल्टचे मापन सुमारे १.२२ व्होल्ट म्हणून नोंदले जाईल. यंत्र बंद पडणार नाही, चुकीची सूचनाही मिळणार नाही. आकडे तेवढे खोटे निघतील.

संज्ञेने मात्र घोटाळा पुरता मिटू दिला नाही. २०१४ मध्ये जीपीआयओसाठी आणि २०१९ मध्ये घड्याळ-संकेतांसाठी ‘ऑप्शनल’ याच नावाच्या मागण्या आल्या. त्या साधन नसल्यास चूक न कळविता रिक्त मूल्य देतात, आणि ते मूल्य पुढे निर्धोकपणे वापरता येते. रेग्युलेटरच्या बाबतीत ही सवय चालत नाही. तेथे ‘ईनोडेव्ह’ एवढाच नकार अभावाचा पुरावा मानावयाचा असतो. इतर प्रत्येक नकार जसाच्या तसा वर कळवावा लागतो.

या इतिहासाचे सार असे की, अभाव आणि अज्ञान यांना एकच उत्तर देणारी व्यवस्था काही काळ सोयीची वाटते, परंतु तिचे मोल पुढे यंत्र वापरणाऱ्याला द्यावे लागते. २०१३ च्या निर्णयाने पुरवठा खरोखर वैकल्पिक आहे की नाही हे ठरविण्याचे दायित्व चिपच्या माहितीपत्रकाकडे सोपविले. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने प्रथम तेच वाचले पाहिजे.